वाचकांचे प्रश्न : कॅथरिन हेपबर्नची ब्रॉडवेवरची उमेदवारी

गेल्या अंकात अमेरिकन अभिनेत्री कॅथरिन हेपबर्नच्या चित्रपटांवर लेख होता. तिच्या नाटकांबद्दल त्यात एकच वाक्य होतं : ‘चार वर्षं ब्रॉडवेवर धक्के खाऊन ती हॉलिवूडला गेली.’ (ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी.) त्या धक्क्यांविषयी बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न (सांगली) : हेपबर्नला नाटकांतून वारंवार काढून टाकलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. नेमकं कोणत्या नाटकांतून आणि का? तिला अभिनय येत नव्हता का?

उत्तर : कच्ची होती, हे खरंच. पण क्रमानं पाहिलं तर दरवेळचं कारण निराळं निघतं.

१९२८ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजची पदवी घेतल्याबरोबर ती बाल्टिमोरला एडविन नॉफच्या स्टॉक कंपनीत, म्हणजे त्याच नटसंचात एकामागून एक नाटकं करणाऱ्या मंडळीत, गेली. ‘द झरीना’ नाटकात राणीच्या दासींपैकी एक, मग ‘द क्रेडल स्नॅचर्स’मध्ये आणखी एक लहान काम. पहिल्या नाटकाला कौतुक झालं, दुसऱ्याच्या वेळी आवाज कर्कश लागतो अशी टीका आली. नॉफनं तरीही तिला न्यूयॉर्कच्या ‘द बिग पाँड’मध्ये नायिकेची अंडरस्टडी, म्हणजे वेळ पडली तर तिच्या जागी उभी राहणारी नटी, म्हणून घेतलं. पहिला प्रयोग तोंडावर आलेला असताना मूळ नायिकेला काढलं आणि काम हिच्याकडे आलं. लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेक गावी चाचणीचा प्रयोग झाला. सुरुवातीलाच एका वाक्याला जोरदार हशा मिळाला आणि तिथेच घात झाला. हुरूप चढला, आवाज वर गेला, बोलण्याचा वेग इतका वाढला की शब्द कळेनात. दुसऱ्या दिवशी तिला नारळ मिळाला.

१९२९ मध्ये थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेचं काम नाकारून तिनं ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ची नायिका स्वीकारली, आणि नाटक न्यूयॉर्कला पोचण्याआधीच ते काम गेलं. ‘आर्ट अँड मिसेस बॉटल’मध्ये नाटककार बेन लेव्ही यांना ती मुळीच पसंत नव्हती. काढलं, पण दुसरी योग्य नटी मिळेना म्हणून परत बोलावलं. नाटक १९३० च्या नोव्हेंबरात लागलं आणि बऱ्यापैकी चाललं. सगळ्यांत जिव्हारी लागला तो ‘दि अॅनिमल किंगडम’चा नकार. नाटककार फिलिप बॅरींनी तिला स्वतः विचारलं होतं, तालमी सुरू झाल्या होत्या. पण नायक लेस्ली हॉवर्डचं तिच्याशी जमेना. तिनं कारण विचारलं तेव्हा बॅरींनी ‘तू चांगलं करत नव्हतीस’ असं तोंडावर सांगितलं. हे तिनंच पुढे नोंदवलं आहे.

म्हणजे एकदा आवाज, एकदा नाटककाराची नावड, एकदा सहनटाशी खटका. ‘हिऱ्याची पारख कुणाला झाली नाही’ हे चरित्रकारांचं लाडकं पालुपद आम्हाला पटत नाही. ग्रेट नेकचा तो प्रयोग पाहणारा कोणताही शहाणा निर्माता तेच करता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की काढून टाकल्यावरही लवकरच कुणी ना कुणी तिला पुन्हा विचारत होतं. १९२७-२८ च्या हंगामात ब्रॉडवेवर अडीचशेहून जास्त निर्मिती झाल्या होत्या. इतकी नाटकं उभी राहत असताना ठसठशीत चेहऱ्याच्या, उंच, चपळ मुलीला काम मिळणं अवघड नव्हतं. ते टिकवणं अवघड होतं.

प्रश्न (पुणे, नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी) : उत्साहाच्या भरात आवाज चिरकतो, ही अडचण आम्हालाही येते. हेपबर्नला तिच्या शिक्षिकेनं नक्की काय शिकवलं?

उत्तर : बाल्टिमोरच्या टीकेनंतर ती न्यूयॉर्कमधल्या फ्रान्सेस रॉबिन्सन-डफ यांच्याकडे जाऊ लागली. त्या काळच्या त्या नामांकित आवाज-शिक्षिका. त्यांचा सगळा भर पोटातून, म्हणजे श्वासपटलाच्या जोरावर बोलण्यावर होता. आपल्याला ते कधी पुरतं साधलं नाही, असं हेपबर्न नंतर म्हणत असे. तरी मूळ तत्त्व आजही तेच शिकवलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

धास्ती किंवा हुरूप आला की खांदे वर चढतात आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घेतला जातो. तो अपुरा असतो. मानेचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर सरकतं, पट्टी चढते. श्वास वाक्याच्या मध्येच संपणार हे शरीराला आधीच कळतं, म्हणून आपण नकळत घाई करतो. घाईत पहिला बळी व्यंजनांचा जातो : शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं जातं, आणि मागच्या रांगेला नुसता स्वरांचा गलका पोचतो. ब्रॉडवेच्या नाटकांत तेव्हा मायक्रोफोन नव्हते. हजारभर प्रेक्षकांच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत उघड्या गळ्यानंच पोचायचं होतं.

उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट धरा. दोन्ही हात शेवटच्या बरगड्यांवर ठेवून श्वास घ्या. हात बाजूंना सरकले पाहिजेत, खांदे हलता कामा नयेत. मग एका श्वासात, एकाच पट्टीत, सावकाश आकडे म्हणा. पंधरापर्यंत जमलं की वीस करा, पण शेवटचा आकडा पहिल्याइतकाच स्पष्ट हवा. त्यानंतर तेच आकडे मोठ्यानं, पट्टी मात्र तीच. बहुतेकांची चूक इथे होते : ‘मोठ्यानं’ म्हटलं की ते ‘वरच्या सुरात’ जातात. हे साधल्याशिवाय संवादाला हात लावू नका.

हशाचा भाग वेगळा. हशा उसळला की गप्प राहायचं, तो शिगेला जाऊन उतरू लागला की पुढचं वाक्य सुरू करायचं. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलात तर प्रवेश थंड पडतो. हशावरच बोललात तर वाक्य वाया जातं आणि पुढच्या वेळी प्रेक्षक हसायला बिचकतात. थांबण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत श्वास खाली घ्यायचा. ग्रेट नेकला हेपबर्ननं हीच संधी घालवली.

प्रश्न (नाशिक) : अंडरस्टडी म्हणजे नुसतं विंगेत बसून राहायचं का? तिनं असं किती दिवस काम केलं?

उत्तर : ‘हॉलिडे’ या नाटकात होप विल्यम्सची अंडरस्टडी म्हणून ती सुमारे सहा महिने होती. नाटक २६ नोव्हेंबर १९२८ ला प्लिमथ थिएटरमध्ये लागलं. दोन आठवड्यांत काम सोडून तिनं १२ डिसेंबरला लडलो ऑग्डन स्मिथशी लग्न केलं, संसारात मन रमेना, म्हणून पुन्हा त्याच कामावर आली. पुढे १९३० मध्ये थिएटर गिल्डच्या ‘अ मंथ इन द कंट्री’मध्येही ती आधी अंडरस्टडी होती, नंतर तिच्याकडे मोलकरणीची छोटी भूमिका आली.

काम बसून राहण्याचं नसतं. आपली नक्कल, म्हणजे भूमिकेचे संवाद, पाठ करणं हा त्यातला सोपा भाग. मूळ नटी कितव्या शब्दाला वळते, पेला कोणत्या हातात धरते, सोफ्याच्या कोणत्या कडेला बसते, हे सगळं तसंच्या तसं उचलावं लागतं, कारण अचानक उभं राहिल्यावर बाकीच्या नटांना आपली जागा बदलावी लागता कामा नये. स्वतःची ‘वेगळी’ भूमिका घडवण्याची हौस इथे चालत नाही. तालमी रंगमंच व्यवस्थापक घेतो, दिग्दर्शक नव्हे. दिग्दर्शक तोवर दुसऱ्या नाटकाला लागलेला असतो. पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी थिएटरात हजेरी द्यायची आणि मुख्य नटी धडधाकट दिसली की निमूट बसायचं.

मात्र ‘हॉलिडे’तली ती सहा महिन्यांची घोकंपट्टी वाया गेली नाही. १९३२ मध्ये आरकेओ स्टुडिओनं तिची कॅमेरा-चाचणी घेतली तेव्हा तिनं याच नाटकातला प्रवेश केला. बहुतेक होतकरू नट्या चाचणीत स्टुडिओनं दिलेलं पान वाचत. हिच्याजवळ हाडीमाशी मुरलेली भूमिका तयार होती. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरना चाचणीतला बाकीचा अभिनय विचित्रच वाटला, पण पाठमोरी असताना जमिनीवर पेला ठेवण्याच्या तिच्या एका हालचालीनं त्यांचं लक्ष वेधलं.

प्रश्न (ठाणे, हौशी नाट्यसंस्थेचे व्यवस्थापक) : एका प्रयोगानंतर काढून टाकायचं, हे करारात बसायचं का? आणि पैसे कसे मिळायचे?

उत्तर : बसायचं. अमेरिकन नटांची संघटना, ॲक्टर्स इक्विटी, १९१३ मध्ये स्थापन झाली आणि १९१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या महिनाभराच्या संपानंतर निर्मात्यांनी तिचा करार मान्य केला. त्यात तालमीच्या सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत दोन्ही बाजूंना मोकळं होता येई. त्यानंतर काढायचं तर नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागे. म्हणून शंका असेल तर निर्माते चटकन निर्णय घेत. उद्यावर ढकललं की खर्च वाढलाच.

आपल्याकडे व्यावसायिक नाटकात नटाला ‘नाईट’ मिळते, प्रयोग झाला तर पैसे. ब्रॉडवेवर हिशेब आठवड्याचा. आठवड्याला आठ प्रयोग धरायचे, त्यावर जास्तीचा प्रयोग झाला तर आठव्या हिश्शाप्रमाणे वाढीव पैसे. पण तालमीचे महिनाभर दिवस बिनपगारी असत. तालमीचा भत्ता इक्विटीनं मिळवला तो १९३० च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे हेपबर्नची उमेदवारी संपून गेल्यावर. चार आठवडे फुकट राबून नाटक आठवडाभरात पडलं, तर नटाच्या हातात पाच आठवड्यांच्या मेहनतीचे एका आठवड्याचे पैसे.

प्रश्न (नागपूर) : ब्रॉडवेवरचं तिचं पहिलं नाटक कोणतं? एके ठिकाणी ‘द बिग पाँड’ लिहिलं आहे, एके ठिकाणी ‘दीज डेज’.

उत्तर : ‘दीज डेज’. ‘द बिग पाँड’ ब्रॉडवेवर पोचलं तेव्हा ती त्यात नव्हती, म्हणून ब्रॉडवेच्या नोंदींत त्या नाटकाखाली तिचं नाव शोधू नका. काही याद्यांत सप्टेंबर १९२८ च्या ‘नाइट होस्टेस’मध्ये एका किरकोळ कामासमोरही तिचं नाव दिसतं, चरित्रकार सहसा ते धरत नाहीत.

‘दीज डेज’ सोमवार, १२ नोव्हेंबर १९२८ रोजी कॉर्ट थिएटरमध्ये लागलं. निर्माते आर्थर हॉपकिन्स, हेपबर्नचं काम शाळकरी मुलीचं. एकूण प्रयोग आठ. सोमवार ते शनिवार सहा रात्री आणि आठवड्यातले दोन दुपारचे खेळ मिळून आठ होतात. रविवारी नाटकांना कायद्यानंच बंदी होती. म्हणजे पुरा एक आठवडा चालून नाटक बंद. हॉपकिन्सना तिचं काम आवडलं होतं, म्हणून दोनच आठवड्यांनी लागलेल्या ‘हॉलिडे’त त्यांनी तिला घेतलं. नाटक पडलं तरी निर्माता हाताशी राहिला, ही तिच्या चार वर्षांतली बहुधा सगळ्यांत उपयोगी कमाई.

प्रश्न (रत्नागिरी) : उन्हाळी नाट्यसंस्थांत ती होती, असं लेखात होतं. तिथे काय वेगळं असायचं?

उत्तर : वेग. दर आठवड्याला नवं नाटक : रात्री चालू नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम, दोन्हींच्या मध्ये पाठांतर. नटाला संपूर्ण संहिता न देता फक्त त्याची वाक्यं आणि आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द उतरवून देण्याची जुनी पद्धतही तिथे चाले. बारीक काम शक्यच नसतं. पण प्रयोग चालू असताना चूक सावरण्याची सवय अशा ठिकाणीच लागते. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला ती गेली आणि हंगाम अर्ध्यावर टाकून निघून आली. १९३१ मध्ये कनेटिकटमधल्या आयव्हरीटनला मात्र जम बसला, प्रेक्षक तिच्या नावावर येऊ लागले.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘हरिण खांद्यावर घेऊन उडी मारली आणि स्टार झाली’ ही हकिकत खरी की दंतकथा?

उत्तर : खरी. ‘द वॉरियर्स हजबंड’, पहिला प्रयोग ११ मार्च १९३२, मोरोस्को थिएटर. ग्रीक पुराणातल्या ॲमेझॉन बायकांच्या राज्यावरचं हे विनोदी नाटक : बायका लढतात, पुरुष नटूनथटून घरी बसतात. हेपबर्न त्यातली अँटायोपी ही ॲमेझॉन. तिचा पहिला प्रवेश असा की रंगमंचावरच्या अरुंद, उंच जिन्यावरून खांद्यावर मारलेलं हरिण घेऊन धडाधड उड्या मारत खाली यायचं. अंगावर आखूड रुपेरी अंगरखा आणि लढवय्याचा साज.

ही उडी नुसती कसरत नव्हती. एन्ट्रीलाच प्रेक्षकांना पात्राबद्दल सगळं कळतं, एकही वाक्य न बोलता. हेपबर्नचा कच्चा दुवा आवाज होता, आणि इथे आवाजाची पाळी येण्याआधीच शरीर बाजी मारून जात होतं. लहानपणापासून पोहणं, गोल्फ, झाडांवर चढणं यांत वाढलेल्या मुलीला तो जिना अवघड नव्हता. शिवाय भूमिका आक्रमक, उद्धट मुलीची. तिचा चढा सूर जो इतर नाटकांत खटके तो इथे शोभला. त्याच नटीच्या त्याच खोडी, फक्त भूमिका जुळली. नाट्यसंस्था चालवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं : कलाकार दुरुस्त करण्यापेक्षा भूमिका बदलून पाहणं कधी कधी स्वस्त पडतं.

ज्यांना जिन्यावरची अशी एन्ट्री बसवायची आहे त्यांच्यासाठी दोन सूचना. पायऱ्यांची उंची सगळीकडे सारखी हवी. एकच पायरी अर्ध्या इंचानं कमी-जास्त असली तरी धावणारा पाय तिथेच फसतो. आणि ओझं पहिल्याच तालमीपासून खांद्यावर हवं, कारण त्यामुळे तोल मागे जातो आणि मोकळ्या अंगानं घोटलेली पावलं रंगीत तालमीला निकामी ठरतात.

नाटकाचे ८३ प्रयोग झाले, म्हणजे अंदाजे अडीच महिने. मंदीच्या वर्षात वाईट नाही, पण ‘तुफान’ही नाही. एजंट लीलंड हेवर्ड यांनी तिला हॉलिवूडसाठी पुढे केलं, तिनं आठवड्याला १,५०० डॉलर मागितले, आणि स्टुडिओनं नाखुशीनं का होईना, दिले. ‘अ बिल ऑफ डिव्होर्समेंट’ त्याच वर्षी आला.

प्रश्न (बेळगाव) : घरचा पैसा नसता तर ती इतकी वर्षं टिकली असती का?

उत्तर : आमच्या मते नाही. वडील हार्टफर्डचे नावाजलेले डॉक्टर, नवरा सुस्थितीतला आणि मदतीला तत्पर. बिनपगारी तालमी, अंडरस्टडीचा तुटपुंजा पगार आणि आवाजाची शिकवणी हे एकत्र झेपायला पाठीशी कुणीतरी लागतं. अर्धा हंगाम टाकून घरी परतण्याची चैन पोटावर नाटक करणाऱ्या नटीला परवडत नाही.

प्रश्न (पणजी) : डोरोथी पार्करनं तिच्यावर केलेला तो प्रसिद्ध वार कोणत्या नाटकाचा?

उत्तर : ‘द लेक’. ‘भावनांचा अख्खा पल्ला, ए पासून बी पर्यंत’ अशा आशयाचा तो शेरा लेखिका पार्करच्या नावावर आहे. २६ डिसेंबर १९३३ ला मार्टिन बेक थिएटरमध्ये नाटक लागलं. हेपबर्न तोवर चित्रपटांमुळे मोठं नाव झाली होती आणि तिकिटं त्या नावावर आधीच खपली होती. निर्माते जेड हॅरिस यांनी तालमींत दिग्दर्शन स्वतःकडे घेतलं आणि तिचा आत्मविश्वास पार खचवला. पहिल्या रात्री ती यंत्रासारखी बोलली. पण गोष्ट इथे संपत नाही : तिनं सुझन स्टील या गायिकेची शिकवणी लावली आणि चालू नाटकात काम रोज सुधारत नेलं. ते पाहायला समीक्षक परत आले नाहीत. ५५ प्रयोगांनंतर न्यूयॉर्कचा मुक्काम आटोपला, तरी हॅरिसना तिच्या नावावर दौरा काढायचा होता. सुमारे १४,००० डॉलर मोजून तिनं स्वतःची सुटका करून घेतली.

या व्यवहाराचा धडा तिनं १९३९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’च्या वेळी वापरला. पगाराऐवजी नफ्यात वाटा घेतला आणि धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजच्या मदतीनं चित्रपटाचे हक्कही आपल्या हाती ठेवले. शुबर्ट थिएटरमध्ये ४१७ प्रयोग झाले.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आम्ही न्यूयॉर्कपासून तासाभरावर राहतो. यांतली कोणती ठिकाणं आज पाहता येतील?

उत्तर : नावं बदलली आहेत, म्हणून जुन्या नावानं विचारलंत तर गोंधळ होईल. कॉर्ट आता जेम्स अर्ल जोन्स थिएटर, पश्चिम ४८ व्या रस्त्यावर. प्लिमथ आता जेराल्ड शोनफेल्ड आणि मार्टिन बेक आता अल हर्शफेल्ड. दोन्ही पश्चिम ४५ व्या रस्त्यावर, पण हर्शफेल्ड आठव्या ॲव्हेन्यूच्या पलीकडे. शुबर्ट ४४ व्या रस्त्यावर, जुन्याच नावानं. मोरोस्को १९८२ मध्ये पाडलं, तिथे हॉटेल उभं आहे. आतून पाहायचं तर चालू नाटकाचं तिकीट काढणं हाच सरळ मार्ग.

कागदपत्रांत रस असेल तर लिंकन सेंटरमधलं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं प्रयोगकला ग्रंथालय गाठा. हेपबर्नचे नाटकांसंबंधीचे कागद तिथे आहेत. चित्रपटांचे कागद कॅलिफोर्नियात ऑस्कर अकादमीच्या ग्रंथालयात गेले, ते इथे मागू नका. जाण्याआधी संग्रहाची सूची संकेतस्थळावर पाहून खोक्यांचे क्रमांक टिपून ठेवा आणि वेळ आधी ठरवून घ्या. आत शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्या. आयव्हरीटनचं प्लेहाउसही अजून चालू आहे, मात्र त्यासाठी गाडीनं कनेटिकटात जावं लागेल. तिथवर गेलात तर जवळच ओल्ड सेब्रूक गावी तिच्या नावाचं कलाकेंद्र आहे, तेही त्याच फेरीत होईल.